श्रीखंडे सर आणि मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग: एक प्रकरण अभ्यास

अकॅडेमिक लीडरशिपच्या वर्कशॉप्सचं हल्ली सीनियर कॉलेजांत पेव फुटलंय. तिथे केस म्हणून जे झेरॉक्स वाटतात त्यात एखादी विमान कंपनी असते, एखादी मोबाइल कंपनी असते, आणि मुंबईचं काहीतरी हवं म्हणून डबेवाले असतातच. गणिताचा प्राध्यापक काही कधी नसतो. आता मी गणितवाला, त्यात एमएस्सी कलिनाची, म्हणजे मुंबई विद्यापीठाचीच, त्यामुळे डोक्यात पहिलं नाव आलं ते शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचं. नावाभोवती फार आरत्या ओवाळायच्या नाहीयेत. १९६३ ते १९७८ या पंधरा वर्षांत एका माणसाने एका विद्यापीठात एक विभाग उभा केला, तो कसा आणि कशाच्या जोरावर, एवढंच बघायचंय.

आधी परिस्थिती. १९६३ साली मुंबई विद्यापीठाला १०६ वर्षं झाली होती आणि विद्यापीठाचा स्वतःचा गणित विभाग नव्हता. बाहेरच्याला हे ऐकून धक्का बसतो, पण मुंबई विद्यापीठाची घडणच तशी आहे. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर काढलं, म्हणजे विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या, आणि शिकवायचं ते कॉलेजांनी. एल्फिन्स्टन, विल्सन, झेवियर्स, नंतर इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. विद्यापीठाने स्वतः शिकवायला सुरुवात केली ती १९१९च्या आसपास समाजशास्त्र-अर्थशास्त्रापासून, मग १९३३ला केमिकल टेक्नॉलॉजी शिकवणारं माटुंग्याचं यूडीसीटी आलं, आणि गणिताची पाळी यायला १९६३ उजाडलं. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, सेंटर ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी ही योजना तेव्हा नवीकोरी होती, आणि मुंबईत गणिताचा विभाग आणि ते सेंटर दोन्हीची जबाबदारी श्रीखंडे सरांकडे आली. पहिले विभागप्रमुख तेच, सेंटरचे संचालक तेच.

आता दुसऱ्या बाजूला बघा. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात टीआयएफआर, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च. १९४५ साली संस्था निघालेली, १९६२ मध्ये समुद्राकाठच्या नव्या इमारतीचं नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेलं, गणिताची शाळा के. चंद्रशेखरन यांनी १९४९पासून बांधत आणलेली. नरसिंहन, शेषाद्री ही मंडळी तिथे, १९६५ला त्यांचं ते प्रसिद्ध प्रमेय आलं. बीजभूमिती, ली ग्रुप्स, नंबर थिअरी. अणुऊर्जा खात्याचा पैसा, देशभरातून वेचून घेतलेली मुलं. आणि विद्यापीठाकडे काय, तर परळ-दादर-विलेपार्ल्याच्या कॉलेजांतून बीएस्सी होऊन आलेली पोरं, त्यातली बरीच दिवसा कुठेतरी शिकवणारी किंवा शिकवण्या घेणारी.

म्हणजे प्रश्न असा की हाकेच्या अंतरावर जगातलं एक उत्तम गणित चाललेलं असताना, पाच पैशांची सोय नसलेल्या ठिकाणी दुसरा विभाग काढायचा, तर त्यात करायचं काय? (पाच पैसे हे माझं बोलणं, यूजीसीने पैसे दिले होते, पण ते अणुऊर्जा खात्याचे नव्हेत.)

हे उत्तर देणारा माणूस कोण होता ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जन्म १९ ऑक्टोबर १९१७, मध्य प्रदेशातल्या सागरचा. शिक्षण नागपूरला, मग कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये राज चंद्र बोस यांच्याशी गाठ पडली, आणि बोस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला चॅपल हिलला गेले तेव्हा त्यांच्याच हाताखाली १९५०ला पीएचडी. विषय होता ब्लॉक डिझाइन्स. शेतीच्या प्रयोगांतून आलेला विषय आहे हा. पाच खतं, पाच बियाणी, वाफे मोजकेच, तर कुठल्या वाफ्यात काय लावायचं म्हणजे जमिनीच्या कसामुळे निकालात घोळ होणार नाही, अशी मांडणी. बोस मूळचे भूमितीवाले, त्या इन्स्टिट्यूटच्या महालनोबिसांनी त्यांना संख्याशास्त्रात ओढलं आणि तिथून ते या विषयाकडे वळले. त्यामुळे अनेक शुद्ध गणितवाल्यांच्या लेखी हा प्रकार म्हणजे संख्याशास्त्राचं परसदार होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग आलं १९५९.

ऑयलरचा प्रश्न बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण पत्ते घेऊन बसल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही, मी एफवायच्या वर्गात दरवर्षी बसवतो. कॅटमधून चार राजे, चार राण्या, चार गुलाम, चार एक्के काढा. सोळा पत्ते चार बाय चार असे मांडायचे की प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत चारही चित्रं एकेकदा आणि चारही रंग एकेकदा आले पाहिजेत. एक मांडणी अशी:

इस्पिक राजा, बदाम राणी, चौकट गुलाम, किलवर एक्का
चौकट राणी, किलवर राजा, इस्पिक एक्का, बदाम गुलाम
किलवर गुलाम, चौकट एक्का, बदाम राजा, इस्पिक राणी
बदाम एक्का, इस्पिक गुलाम, किलवर राणी, चौकट राजा

तपासून बघा, बसतं. नुसती चित्रं बघितली तर एक लॅटिन चौरस (म्हणजे दर आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच), नुसते रंग बघितले तर दुसरा, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवले की सोळाच्या सोळा जोड्या वेगवेगळ्या. याला ऑर्थोगोनल जोडी म्हणतात. तीनला जमतं, चारला जमतं, पाचला जमतं. ऑयलरने विचारलं सहाला जमतं का, म्हणजे सहा पलटणींचे सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी सहा बाय सहात उभे करता येतात का. त्याला जमेना. दोनला जमत नाही हे तर कुणीही दोन मिनिटांत बघेल. विषम संख्यांना आणि चारच्या पटीतल्या संख्यांना कसं करायचं हे त्याला येत होतं, उरल्या २, ६, १०, १४, १८, २२ अशा संख्या, आणि १७८२च्या निबंधात त्याने म्हणून टाकलं की या कुठल्याच संख्येला जमणार नाही. १९०१ साली तारी नावाच्या फ्रेंच माणसाने हाताने सगळ्या शक्यता तपासून सहाला नाहीच जमत हे सिद्ध केलं, झालं, सगळ्यांना वाटलं ऑयलर बरोबर असणार. ऑयलर आहे, चुकेल कसा.

१९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी २२ची जोडी बांधून दाखवली. त्यांच्या आधी रेमिंग्टन रँडच्या युनिव्हॅकमध्ये काम करणाऱ्या पार्करने २१च्या बाबतीत एक असाच जुना समज मोडला होता, त्यातून यांना धागा मिळाला, आणि यांचं बघून पार्करने लगेच १०ची जोडी काढली. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की २ आणि ६ सोडले तर प्रत्येक संख्येला जोडी आहेच. म्हणजे ऑयलर एखाद्या ठिकाणी नाही चुकला, ६च्या पुढे सगळीकडे चुकला! २६ एप्रिल १९५९च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी आली, १७७ वर्षांचं अनुमान खोटं ठरलं म्हणून, आणि तिघांना नाव पडलं 'ऑयलर्स स्पॉयलर्स'.

२२ कसं बांधतात हे थोडक्यात सांगतोच, कारण माझ्या मते या केसची चावी तिथे आहे. एक जुनं कोडं आहे, पंधरा मुली रोज तीन-तीनच्या ओळीने फिरायला जातात, सात दिवसांचं वेळापत्रक असं करा की कुठल्याही दोघी आठवड्यात बरोबर एकदाच एका ओळीत याव्यात. हे जमतं. आता सात दिवसांसाठी सात नव्या बाया घ्या, सोमवारच्या पाचही ओळींना सोमवारची बाई जोडा, मंगळवारच्या ओळींना मंगळवारची, आणि सातही बायांचा मिळून एक वेगळा गट करा. पंधरा अधिक सात, बावीस. गट झाले चारचे आणि एक सातचा, आणि बावीसपैकी कुठलेही दोघे बरोबर एकाच गटात. चारला आणि सातला चौरसांच्या चांगल्या जोड्या आधीच माहीत होत्या, त्या गटागटाने शिवत गेलं की २२ बाय २२चा, ४८४ घरांचा चौरस तयार. यात भारी यंत्रसामग्री काही नाही. कागद, पेन्सिल आणि योग्य गोष्ट योग्य ठिकाणी जोडायची नजर. बीएस्सीच्या चांगल्या मुलाला एका दुपारी समजावता येतं, मी समजावलंय. सुचायला मात्र बोस-श्रीखंडे लागतात.

त्याच वर्षी सरांचा अजून एक पेपर आला, त्याची बातमी पेपरात नाही आली पण गणितात त्यांचं नाव कायमचं राहिलं ते त्याने. बुद्धिबळाच्या हत्तीच्या चालीवरून एक ग्राफ, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं जाळं, करतात, चार बाय चारच्या पटावर सोळा घरं, एकाच आडव्या किंवा उभ्या ओळीतली घरं जोडायची. प्रत्येक घराला सहा शेजारी, कुठल्याही दोन घरांचे सामाईक शेजारी दोनच. सरांनी दाखवलं की चार सोडून बाकी कुठल्याही आकाराच्या पटाला हे आकडे दिले की ग्राफ ठरतो, दुसरा होऊच शकत नाही. आणि चारला? चारला नेमका एक वेगळा ग्राफ निघतो ज्याचे सगळे आकडे तेच, पण तो हत्तीचा नाही. हत्तीच्या ग्राफमध्ये एका घराच्या सहा शेजाऱ्यांकडे बघा, त्यांचे दोन सुटे त्रिकोण होतात. या दुसऱ्यात सहा शेजाऱ्यांचा एक षटकोन होतो, गोल फेर धरल्यासारखा. १६ बिंदू, ४८ रेषा. याला जगभर श्रीखंडे ग्राफ म्हणतात, कुठल्याही ग्राफ थिअरीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे नाव टाकलं की येतो.

तर असा माणूस, पंचेचाळिशीतला, बनारस हिंदू विद्यापीठातली प्रोफेसरकी सोडून मुंबईत आला. अमेरिकेत नाव होतं, गुरू तिकडेच स्थायिक झालेले. आपल्याकडे गणितातला मोठा माणूस म्हटलं की रँग्लर परांजप्यांचा साचा डोळ्यासमोर येतो, सीनियर रँग्लर, मग फर्ग्युसनचे प्रिन्सिपल, मग मंत्री, मग कुलगुरू. चढती भाजणी. श्रीखंडे सरांचा रस्ता तसा नाहीये. विभागप्रमुख म्हणून आले आणि पंधरा वर्षांनी विभागप्रमुख म्हणूनच निवृत्त झाले. पेपर लिहीत राहिले, विद्यार्थी घडवत राहिले. लीडरशिपच्या वर्कशॉपवाल्यांना ही केस कळणार नाही ती यासाठीच, यात प्रमोशनच नाही.

आता मूळ निर्णयाकडे येतो. नवीन विभाग काढताना सरळ वाटणारा मार्ग म्हणजे सगळ्याचं थोडं थोडं ठेवायचं. एक अ‍ॅनालिसिसवाला, एक अल्जिब्रावाला, एक टोपोलॉजीवाला, एक अप्लाइडवाला, म्हणजे एमएस्सीचे सगळे पेपर शिकवले जातात आणि कुणाची तक्रार राहत नाही. शिकवण्यापुरतं ते करावंच लागतं. पण संशोधनाच्या बाबतीत मुंबई विद्यापीठाच्या विभागाची ओळख झाली ती एकाच विषयाने, कॉम्बिनेटोरिक्सने, म्हणजे मांडण्या आणि मोजणीच्या गणिताने. डिझाइन्स, ग्राफ्स, लॅटिन चौरस. ज्याला शिष्ट मंडळी परसदार समजत होती, नेमकं तेच इथे दिवाणखान्यात आलं.

काही लोक म्हणतील यात कसला निर्णय, स्वतःचा विषय होता म्हणून तोच केला. असेलही तसं. पण परिणामाच्या बाजूने बघितलं तर या निवडीइतकी मुंबईला साजेशी दुसरी निवड मला दिसत नाही. कुलाब्यात जे चाललं होतं त्यात उडी मारायची तर आधी दोन-तीन वर्षं नुसती पायाभरणी करावी लागते, स्कीम्स, कोहोमोलॉजी, सगळा सरंजाम, आणि तेवढा वेळ पूर्ण फेलोशिपवर बसून अभ्यास करणाऱ्यालाच परवडतो. विरारहून सकाळची लोकल पकडून आधी कॉलेजवर चार लेक्चर्स घेऊन मग रिसर्च करणाऱ्याला नाही परवडत. कॉम्बिनेटोरिक्समध्ये आत शिरायचं दार खाली आहे. छत खूप उंच आहे, त्याबद्दल गैरसमज नको, पण उंबरठा ओलांडायला मॅट्रिक्स, थोडी फायनाइट फील्ड्स (मोजक्याच संख्यांचं अंकगणित) आणि भरपूर चिकाटी पुरते. आणि प्रश्नांना तोटा नाही. म्हणजे संलग्न कॉलेजांतून येणारा जो विद्यार्थी विद्यापीठाच्या वाट्याला येणार होता, त्याला पाच वर्षांत जागतिक पातळीचा पेपर लिहिता येईल असा विषय होता हा. टीआयएफआरची गरीब नक्कल काढली असती तर ती शेवटपर्यंत गरीब नक्कलच राहिली असती.

पुरावा काय? माणसं. वासंती भट-नायक यांनी १९७०ला मुंबई विद्यापीठातून सरांकडे पीएचडी केली, डिझाइन्सवरच, आणि त्या तिथेच शिकवायला राहिल्या, पुढे विभागप्रमुख झाल्या. सत्तरच्या दशकात एक बाई गणितात पीएचडी होऊन त्याच विभागाच्या प्रमुखपदापर्यंत जाते, हे आज वाचताना साधं वाटतं, तेव्हा देशात किती विभागांत झालं असेल विचार करा. नवीन सिंघी यांचीही पीएचडी सरांकडचीच, आणि ते पुढे कुठे गेले तर टीआयएफआरमध्ये! म्हणजे ज्या कुलाब्याच्या सावलीत हा विभाग उभा राहिला, त्या कुलाब्याला विद्यापीठाने कॉम्बिनेटोरिक्सवाला माणूस पुरवला. १९७६ मध्ये बोस, श्रीखंडे, सिंघी असा तिघांच्या नावाचा पेपर आहे. गुरू, शिष्य आणि शिष्याचा शिष्य, तीन पिढ्या एका पानावर. आणि बोस तेव्हा पंच्याहत्तरीत!

दुसरी बाजूही लिहायलाच हवी, नाहीतर ही केस नाही, श्रद्धांजली होईल. एकाच विषयावर उभा राहिलेला विभाग त्या विषयाच्या माणसांवर अवलंबून राहतो. पुढची भरती रखडली, जागा रिकाम्या राहिल्या, सरकारने पदं गोठवली की विषयाची साखळी तुटते, आणि आपल्याकडे सरकारी विद्यापीठांत पदं गोठणं ही काही नवलाची गोष्ट नाही. मोठ्या खासगी विद्यापीठाला एक घराणं बुडालं तरी दुसरी चार असतात, इथे ती सोय नाही. शिवाय ज्या हुशार मुलाला अ‍ॅनालिटिक नंबर थिअरी किंवा पीडीई (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स) करायचंय त्याने काय करावं? त्याने कुलाबा गाठावं, नाहीतर पवईची आयआयटी, नाहीतर परदेश. विद्यापीठाच्या विभागाने सगळ्यांचं समाधान करायला हवं असं मानणाऱ्याला हे खटकेल. मला तितकंसं खटकत नाही, कारण सगळ्यांचं समाधान करणारे विभाग मी बरेच बघितलेत, त्यांचं नाव त्यांच्या तालुक्याबाहेर कुणी घेत नाही. पण खर्च होता, हे मान्य.

अजून एक गोष्ट, थोडी आडवळणाची. आज मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी गणिताच्या अभ्यासक्रमात मोजणीची तत्त्वं, रिकरन्स, ग्राफ थिअरी हे आहे. डिरिक्लेचं पिजनहोल तत्त्व, म्हणजे खणांपेक्षा वस्तू जास्त असल्या की एका तरी खणात दोन येणारच, हे एसवायच्या पोराला माहीत असतं. हे सगळं श्रीखंडे सरांमुळे असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, कॉम्प्युटर सायन्स आल्यावर हा विषय जगभर सगळीकडेच शिरला. पण बाकीच्यांना जो विषय ऐंशी-नव्वदच्या दशकात शोधून आणावा लागला, तो इथे घरात होता, हे खरं. संख्याशास्त्राचं परसदार म्हणून ज्याला नाकं मुरडली, त्यावर आज एरर करेक्टिंग कोड, नेटवर्क, क्लिनिकल ट्रायल्स सगळं चालतं. आणि छत्तीस अधिकाऱ्यांचं तर अजून संपलेलंच नाही. २०२२ साली आयआयटी मद्रास आणि पोलंडच्या मंडळींनी मिळून दाखवलं की अधिकारी क्वांटम असतील, म्हणजे एंटँगल्ड, तर सहा बाय सहातही बसतात! १०ला तीन चौरस एकमेकांशी जुळणारे आहेत का, हा साधा दिसणारा प्रश्न आजही उघडा आहे. पार्करने जोडी दिली, तिसरा कुणाला सापडलेला नाही आणि नाहीच असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.

विभाग आज कलिन्याला विद्यानगरीत रानडे भवनात आहे. सांताक्रूझ किंवा कुर्ल्याहून शेअर रिक्षाने गेलात तर गेटवर रानडे भवन विचारा, गणित विभाग विचारला तर निम्मे लोक परीक्षा भवनाकडे पाठवतात.

सर १९७८ला निवृत्त झाले, पण केस तिथे संपत नाही, कारण त्यांनी हेच काम दुसऱ्यांदा केलं. १९८३ ते १९८६ ते अलाहाबादच्या मेहता रिसर्च इन्स्टिट्यूटचे संचालक होते. वय पासष्टीच्या पुढे. ती संस्था तेव्हा पैशाच्या बाबतीत अगदी तोळामासा होती, आणि त्यांच्याच कारकिर्दीत अणुऊर्जा खात्याशी बोलणी पुढे सरकली. तीच आजची हरीश-चंद्र रिसर्च इन्स्टिट्यूट. म्हणजे मुंबईत ज्या खात्याच्या पैशावर शेजारची संस्था चालायची, त्याच खात्याचं दार त्यांनी अलाहाबादसाठी ठोठावलं. त्यानंतर बरीच वर्षं जगले, २१ एप्रिल २०२०ला विजयवाड्यात गेले तेव्हा १०२ वर्षांचे होते. लॉकडाऊनचे दिवस, रोजचे करोनाचे आकडे, त्यात बातमी कुठल्या कुठे गेली.

मला स्वतःला मुंबईपेक्षा अलाहाबादचा भाग जास्त शिकण्यासारखा वाटतो. मुंबईत यूजीसीची योजना तयार होती, विद्यार्थी तयार होते, विषय हातात होता. अलाहाबादला यातलं फारसं काही नव्हतं, आणि तिथे त्यांनी कॉम्बिनेटोरिक्सची शाळा काढायचा हट्ट धरलेला दिसत नाही, आधी संस्था टिकेल कशी तेवढं बघितलं. एकच माणूस, दोन ठिकाणी दोन उलटे निर्णय. त्यावर वेगळं प्रकरण होईल, आणि ते तिकडच्या कुणीतरी, ज्याने ती संस्था आतून बघितलीय, त्याने लिहायला हवं.